‘टर्बो’ आणि ‘ओव्हरक्लॉक’ : जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवरील अधिकाराचा इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा निर्मात्याच्या बाजूने लिहिला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र बाजारात आले, त्याचा वेग पूर्वीच्या यंत्राहून इतका अधिक होता, अशा नोंदींची ती मालिका असते. विकत घेतलेले यंत्र मालकाने पुढे कसे वागविले, त्यात काय बदलले, ते किती काळ चालते ठेवले, या गोष्टींची दखल क्वचितच घेतली जाते. जुन्या लॅपटॉपमधील प्रोसेसर काढून अधिक समर्थ प्रोसेसर बसविणे, अथवा आहे त्याच प्रोसेसरचा वेग नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे, ही अशीच एक उपेक्षित विद्या होय. स्थूलमानाने 2003 ते 2013 या दशकात ती बहरास आली आणि पुढे लोपत गेली. तिचा लोप नेमका कशाने झाला, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. यंत्राची मर्यादा पदार्थात असते की निर्मात्याच्या निर्णयात, हा मूळ वाद त्यात गुंतलेला आहे.

प्रथम प्रोसेसरवर छापलेल्या अंकाचा अर्थ पाहिला पाहिजे. प्रोसेसरचे काम एका स्फटिकाच्या आंदोलनांपासून सिद्ध केलेल्या ठेक्यावर चालते. एकाच साच्यातून निघालेल्या चिपा सारख्याच वेगाने चालू शकतात असे नाही. म्हणून कारखान्यात त्यांची परीक्षा होऊन प्रतवारी लावली जाते. उष्णता आणि व्होल्टेज यांच्या प्रतिकूल स्थितीतही चिप बिनचूक चालावी, एवढी सवड राखूनच अंक छापला जातो. शिवाय खालच्या प्रतीला मागणी अधिक असल्यास वरच्या प्रतीची चिपही खालच्या अंकाने विकली जाते. तात्पर्य, तो अंक म्हणजे पदार्थाचा गुणधर्म नसून निर्मात्याने दिलेली हमी होय.

हमी आणि सामर्थ्य यांतील हे अंतर मालकांच्या लवकरच ध्यानात आले. आयबीएमने 1984 साली काढलेल्या ‘पीसी एटी’मध्ये 12 मेगाहर्ट्झचा स्फटिक असे व त्याच्या निम्म्या, म्हणजे 6 मेगाहर्ट्झ वेगाने प्रोसेसर चाले. हा स्फटिक काढून 16 मेगाहर्ट्झचा बसविला की तोच प्रोसेसर 8 मेगाहर्ट्झवर चालू लागे. यावर आयबीएमने नंतरच्या बायोसमध्ये वेगाची तपासणी घातली आणि ठरल्याहून जलद चालणारे यंत्र सुरूच होऊ नये अशी तजवीज केली. पुढील सर्व इतिहासाचे बीज या एका प्रसंगात आढळते.

1992 च्या ‘486 डीएक्स2’पासून बसचा वेग आणि त्याचा गुणक अशा दोन राशींनी प्रोसेसरचा वेग ठरू लागला. 1998 सालचा ‘सेलेरॉन 300ए’ हे या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण. त्याचा गुणक 4.5 व बस 66 मेगाहर्ट्झची. बस 100 वर नेताच तो 450 मेगाहर्ट्झवर चाले, आणि बहुसंख्य मालकांच्या हाती तो तसा सुखरूप चालला. याच सुमारास इंटेलने गुणक बदलण्याची वाट बंद केली होती. त्यामागे एक रास्त कारणही होते, हे नमूद केले पाहिजे : काही व्यापारी मंद चिपांवर जलद चिपांचे अंक छापून गिऱ्हाइकांना फसवीत असत.

लॅपटॉपमध्ये मात्र परिस्थिती निराळी होती. तेथे जागा अपुरी, पंखा लहान आणि बायोसमध्ये मालकाला बदलण्याजोगे फारच थोडे. तरीही दोन मार्ग खुले होते. पहिला मार्ग बदलीचा. जानेवारी 2006 मध्ये आलेल्या ‘कोअर ड्युओ’साठीचे ‘सॉकेट एम’ त्याच वर्षीच्या ‘कोअर 2 ड्युओ’लाही चाले. 1.66 गिगाहर्ट्झचा ‘टी2300’ काढून 2 गिगाहर्ट्झचा ‘टी7200’ बसविल्यास कॅश 2 मेगाबाइटची 4 होई, आणि औष्णिक मर्यादा मात्र 31 वॉटवरून 34 वर, म्हणजे किंचितच वाढे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 32 बिटांचे यंत्र 64 बिटांचे होई. यंत्र जणू एक नवी भाषा शिके. मात्र ती भाषा बायोसला ओळखता आली पाहिजे, ही अट असे. बाह्य साम्यही फसवे ठरे : ‘सॉकेट एम’ आणि 2007 चे ‘सॉकेट पी’ या दोहोंत 478 पिनांची सोय असली, तरी त्यांची मांडणी भिन्न असल्याने एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नसे.

दुसरा मार्ग वेगवृद्धीचा. बसचा वेग कोणता, हे प्रोसेसरच्या काही विवक्षित पिना मदरबोर्डला कळवीत असत. 2004 च्या ‘पेंटियम एम 725’चा गुणक 16 आणि बस 100 मेगाहर्ट्झची, म्हणून वेग 1.6 गिगाहर्ट्झ. सॉकेटमधील ठराविक छिद्रे केसासारख्या बारीक तारेने जोडली की मदरबोर्ड बस 133 ची समजे आणि वेग 2.13 गिगाहर्ट्झवर जाई. 915 मालिकेच्या चिपसेटला ही बस मान्यच असल्यामुळे ताण पडे तो केवळ प्रोसेसरवर. हा ताण मोजता येतो. उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज तेच ठेवून वेग एक तृतीयांशाने वाढविला, तर 21 वॉटचे 28 वॉट होतात. इंटेलने स्वतः 133 मेगाहर्ट्झच्या बसवर चालणारे त्याच कुळातील जे प्रोसेसर विकले, त्यांची मर्यादा 27 वॉट होती. म्हणजे मालक ज्या सीमेपाशी पोहोचत होता, ती निर्मात्यालाही परकी नव्हती. हीटसिंक स्वच्छ करून नवी थर्मल पेस्ट लावल्यावाचून मात्र हा उद्योग आत्मघातकी ठरे.

हे दोन्ही मार्ग पुढे बंद झाले. सॉकेटची उंची वाचवून यंत्र पातळ करण्याच्या ओढीने प्रोसेसर मदरबोर्डला डाखाने पक्का जोडला जाऊ लागला. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत 2013 ची ‘हॅसवेल’ पिढी ही सॉकेटात बसणारी शेवटची. इकडे छापील अंकामागे राखलेली सवड निर्माता स्वतःच वापरू लागला. 2008 साली आलेले ‘टर्बो बूस्ट’ तंत्र पुढील वर्षी लॅपटॉपमध्ये अवतरले. उष्णतेला वाव आहे तोवर प्रोसेसर आपण होऊन छापील वेग ओलांडू लागला. व्होल्टेज किंचित घटवून यंत्र थंड राखण्याची एक सौम्य कला मालकाकडे उरली होती. तथापि, व्होल्टेजच्या याच वाटेने प्रोसेसरमधील संरक्षित माहिती हाती लागू शकते, असे 2019 साली ‘प्लंडरव्होल्ट’ या संशोधनाने दाखविले, आणि पुष्कळ लॅपटॉपांत तीही वाट मिटली.

येथे शब्दांकडे लक्ष देणे उद्बोधक ठरेल. छापील वेग ओलांडण्याची क्रिया निर्मात्याने केली की ती ‘टर्बो’ ठरते, आणि तीच मालकाने केली की ‘ओव्हरक्लॉक’. पहिल्या शब्दात सामर्थ्याचा गौरव आहे, तर दुसऱ्यात मर्यादाभंगाचा ठपका. निर्मात्याच्या क्रियेत मोजमाप व हमी आहे, मालकाच्या क्रियेत धोका आहे, हा भेद खराच. परंतु सीमा कोणी आखावी, हा निर्णय त्या नावातच आधी घेतला गेला आहे, हेही तितकेच खरे.

म्हणून ही विद्या कौशल्याच्या अभावी लोपली, असे म्हणता येत नाही. तिचा विषयच मालकाच्या हातून निघून गेला. जलद आणि पातळ यंत्र हा त्या व्यवहारातील लाभ होय. परंतु सॉकेट असलेले यंत्र प्रोसेसर मागे पडल्यानंतरही एकवार सावरता येत असे. डाखलेल्या यंत्राचे आयुष्य त्याच्या प्रोसेसरबरोबरच संपते. जेथे लॅपटॉप दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊन एखाद्या विद्यार्थ्याचे पहिले यंत्र होतो, तेथे या हानीची किंमत सर्वांत अधिक आहे. आणि निर्मात्यांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात ती कोठेही मांडलेली आढळत नाही.