‘ते’ मूल

मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. मुलगा की मुलगी हे कळण्याआधीच ‘ते रडते’ असे आपण सहज म्हणतो. (‘नपुंसक’ ही शिवी होते, हे त्याच व्याकरणाचे दुर्दैव.) ज्या अर्भकाचे बाह्य लिंग पाहून सुईणीलाही निश्चित सांगता येत नाही, त्याला एवढी सवड वैद्यकाने मात्र दीर्घकाळ दिली नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी १९५५ पासून लिंगभाव मुख्यतः संगोपनातून घडतो असे मांडले. त्यावरून लहानपणीच शस्त्रक्रिया करून बाळाला एका बाजूला बसवण्याची रीत रुळली. अशा शस्त्रक्रिया सोसलेल्यांनी १९९३ मध्ये तेथे संघटना उभारली. पुढे १९९७ मध्ये मनींच्या गाजलेल्या उदाहरणाचे खरे रूप उघड झाले: सुंतेतील अपघातानंतर मुलगी म्हणून वाढवलेल्या त्या मुलाने पौगंडावस्थेतच पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली होती. भारतात २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा अर्भकांवरील शस्त्रक्रियांना मज्जाव करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून तसा आदेश काढला. तो त्या राज्यापुरताच.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो २०१८ मध्ये, बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाच्या मुंबईतील शस्त्रक्रियेमुळे. तेथे निर्णय ज्याचा त्याने, प्रौढपणी घेतला होता. वादाचा गाभा नेमका हाच आहे.

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ‘थांबा’ एवढे सांगून भागत नाही. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात दोषात मुलीचे बाह्य लिंग मुलासारखे दिसू शकते, आणि त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ निघून जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दगावते. मुलग्यात तर बाहेरून काहीच दिसत नाही. उलटी, दूध न ओढणे, वजन घटणे, सारे जंतुसंसर्गासारखे. येथे चाकू नको, संप्रेरकाचे औषध हवे, तेही तातडीने. जन्मनोंदणीची २१ दिवसांची मुदत याच दिवसांत संपते, आणि कुटुंबाला ग्रासतो तो मात्र अर्जावरचा प्रश्न.

‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या तशाच गृहभेटी देऊ लागल्या. त्यांतल्या दोन भेटी चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी येतात. बाळ मलूल आहे हे तेव्हा उमगेलही. पण भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तेथून नागपूर जवळपास तितकेच.