लाल डोळा : दरवेळी साथच असते असे नाही

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ पसरते. लाल डोळा दिसला की औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे, हा घरोघरचा शिरस्ता. बहुतेकांना आरामही पडतो. मात्र काही रुग्णांत ही लाली शरीरात अन्यत्र दडलेल्या विकाराची पहिली खूण असू शकते.

साथीत डोळे खाजतात, पाणी व चिपडे येतात; नजर सहसा मंदावत नाही. याउलट डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल आणि धूसर दिसत असेल, तर डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, म्हणजे ‘युव्हायटिस’ असू शकतो. अशा तरुण रुग्णाला डॉक्टर कंबरदुखीविषयी विचारतात. सकाळी ताठरलेली कंबर हालचालीनंतर मोकळी होत असेल, तर ‘अँकिलोझिंग स्पॉण्डिलायटिस’ या मणक्यांच्या विकाराची शंका घेतली जाते. क्षयरोगामुळेही युव्हायटिस होतो.

डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा दाह (स्क्लेरायटिस) झाल्यास खोलवर ठणका लागतो, रात्री झोपमोड होते. त्यामागे अनेकदा ‘र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हा सांध्यांचा विकार आढळतो.

लालीसोबत ताप असेल तर अधिक सावध राहावे. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत वेदना आणि चिपडे नसलेले लाल डोळे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे. लहान मुलाला पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे व लालबुंद ओठ असतील, तर ‘कावासाकी’ आजाराचा विचार करावा लागतो. उपचारांस विलंब झाल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

डोळ्यात अचानक उमटलेला, न दुखणारा रक्ताचा डाग बहुधा दोन आठवड्यांत आपोआप विरतो. तो वारंवार उमटत असल्यास रक्तदाब तपासून घ्यावा.

खरा धोका स्वतःच्या मनाने घातलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांचा आहे. त्यांनी लाली ओसरते, पण मूळ आजार झाकला जातो. नागिणीच्या जातीच्या विषाणूंचा संसर्ग असल्यास तो बळावतो. दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून वेदना, धूसर दृष्टी वा उजेडाचा त्रास असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. त्या वेळी सांधेदुखी, ताप किंवा जुना खोकला असल्यास तोही आवर्जून सांगावा. निदानाचा धागा अनेकदा तिथेच सापडतो.