सांची आणि बेसनगर : उत्खननाच्या बदललेल्या दृष्टीचा इतिहास

भूमी ही इतिहासाची कोठी आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु कोठी फोडणे वेगळे आणि कोठी उघडणे वेगळे. पहिल्यात हाती येईल ते घेऊन निघून जाण्याची घाई असते. दुसऱ्यात कोणती वस्तू कोठे व कशाखाली ठेवलेली होती, हे पाहण्याचा धीर असतो. भारतीय पुरातत्त्वाच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार घडले आहेत, आणि भोपाळच्या परिसरात तर ते एकाच टेकडीवर पाहावयास मिळतात. भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर सांची आहे व तेथून थोड्याच अंतरावर बेतवा आणि बेस या नद्यांच्या संगमालगत बेसनगर, म्हणजे प्राचीन विदिशा नगरी आहे. संस्थानी काळात सांची भोपाळच्या बेगमांच्या आणि बेसनगर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात मोडत असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकाच सुमारास उत्खनने झाली. त्यांत काय सापडले हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या उत्खननांनी भूमीला कोणता प्रश्न विचारला, हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

१८१८ मध्ये जनरल टेलर याने सांचीच्या स्तूपांची माहिती प्रथम प्रसिद्धीस आणली, त्या वेळी तेथील तिन्ही प्रमुख स्तूप बऱ्याच चांगल्या स्थितीत उभे होते. त्यांची खरी दुर्दशा पुढे जिज्ञासूंच्या हातून झाली. १८२२ मध्ये भोपाळ येथील इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन्सन याने महास्तूपाची एक बाजू वरपासून तळापर्यंत खणून काढली. त्यामुळे स्तूपाला मोठे भगदाड पडले आणि पश्चिमेचे तोरण व कठड्याचा काही भाग कोसळला. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेझी यांनी स्तूपांच्या गर्भात विहिरीसारखे खड्डे घेतले. महास्तूपात त्यांना काहीच मिळाले नाही. तिसऱ्या स्तूपात मात्र सारिपुत्त व महामोग्गलान या बुद्धाच्या पट्टशिष्यांच्या नावांचे करंडक सापडले. कनिंगहॅमची विद्वत्ता वादातीत आहे. भारतीय पुरातत्त्वाची शासकीय परंपरा त्याच्यापासूनच सुरू होते. तथापि या खोदकामांमागील प्रश्न एकच होता : आत काय आहे? तो विचारणाऱ्याला मधल्या विटा-दगडांशी कर्तव्य नसते.

१८८१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मेजर कोल याने भगदाड बुजविले आणि पडलेली तोरणे पुन्हा उभी केली. हे काम उपकारक खरे, पण तेही पुरेशा अभ्यासावाचून झाले. दक्षिण तोरणाच्या वरच्या व खालच्या आडव्या तुळया बसविताना उलट फिरल्या असून, बाहेरून येणाऱ्याने पाहावयाची शिल्पे स्तूपाकडे तोंड करून आहेत, असे पुढे मार्शलने दाखवून दिले. प्रेक्षक आजही ते तोरण तसेच पाहतात. एकदा चुकलेली जुळणी इतिहासाच्या पुराव्यातच कशी मिसळून जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या पार्श्वभूमीवर १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल याने सांचीस केलेल्या कामाचे मोल ध्यानात येते. टेकडीवरील रान तोडून त्याने विहार, मंदिरे आणि लहान स्तूप उघडे केले. परंतु त्याचे खरे कर्तृत्व थर वाचण्यात आहे. महास्तूपाचे दगडी आवरण अशोकाच्या काळचे नसून, त्याच्या पोटात सुमारे निम्म्या व्यासाचा एक जुना विटांचा स्तूप आहे, हे त्याने सिद्ध केले. त्यासाठी त्याने कोणताही करंडक शोधला नाही. दक्षिण द्वाराजवळील अशोकस्तंभ कोणत्या पातळीवरून उभा राहिला आहे व त्या पातळीवर पुढे कोणत्या फरशा चढत गेल्या, हे त्याने तपासले. स्तंभाची मूळ जमीन आणि विटांच्या स्तूपाची जमीन एकच ठरली. दगडी आवरणाच्या काळची फरशी तिच्या वर आली. यावरून विटांचा स्तूप मौर्यकालीन आणि दगडी वाढ शुंगकालीन, हा निर्णय आपोआप निघाला. "आत काय आहे?" या प्रश्नाची जागा "कशावर काय आहे?" या प्रश्नाने घेतली. ज्या फरशीला जॉन्सनच्या मजुरांनी कचरा मानले असते, तीच येथे साक्षीदार झाली.

या कार्यामागे भोपाळच्या नबाब सुलतान जहाँ बेगम यांचे औदार्य उभे होते. जतनकार्यासाठी आणि टेकडीवरील संग्रहालयासाठी त्यांनी द्रव्य दिले, तसेच मार्शलच्या ग्रंथाच्या प्रकाशनाचाही भार उचलला. संग्रहालय १९१९ मध्ये सिद्ध झाले. ग्रंथाचे तीन खंड मात्र १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तीन कर्त्यांपैकी ननी गोपाळ मजुमदार यांना १९३८ मध्येच सिंधमधील संशोधनकार्यात दरोडेखोरांच्या हातून मृत्यू आला होता, आणि बेगमसाहेबाही १९३० मध्ये निवर्तल्या होत्या. मुसलमान राज्यकर्तीने बौद्ध स्तूपासाठी आपला खजिना उघडावा, यात औदार्य आहेच. शिवाय आपल्या भूमीवरील वारसा आपल्याच भूमीवर राहावा, ही जाणही त्यात आहे. कारण त्यापूर्वी सापडलेले करंडक लंडनच्या संग्रहालयात गेले होते. ते धातू पुन्हा भारतात येऊन सांचीच्या नव्या विहारात स्थापन होण्यास ३० नोव्हेंबर १९५२ हा दिवस उजाडावा लागला.

मराठी अभ्यासकाला सांचीविषयी आणखी एका कारणाने आपलेपणा वाटावा. तेथील कठड्यांवर व तोरणांवर शेकडो दानलेख आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, व्यापारी आहेत, विणकर आहेत. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी एका खांबावरील कोरीव काम केल्याची नोंदही आहे. त्याच दक्षिण तोरणावरील एका लेखात राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचे दान नोंदलेले आहे. हा सातकर्णी नेमका कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्या घराण्याचे लेख नाणेघाटात व नाशिकच्या लेण्यांत आहेत, त्याचे नाव विदिशेच्या परिसरात यावे, ही गोष्ट दख्खन आणि माळवा यांचे नाते सांगून जाते.

हेच नाते आधुनिक काळात बेसनगरला दुसऱ्या रूपाने प्रकट झाले. तेथील खांबबाबा म्हणून पूजला जाणारा स्तंभ कनिंगहॅमने १८७७ मध्ये पाहिला होता. शेंदराच्या जाड पुटाखाली लेख दडलेला असल्याने तो त्याला दिसला नाही आणि आकारावरून त्याने स्तंभ गुप्तकालीन मानला. १९०९ मध्ये शेंदूर निघाला आणि ब्राह्मी अक्षरे उघडी पडली. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र हेलिओदोर हा यवन राजा अंतलिकित याचा दूत म्हणून काशीपुत्र भागभद्राकडे आला व स्वतःस भागवत म्हणवून त्याने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असा तो लेख आहे. स्तंभ एकदम कित्येक शतके मागे, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात गेला.

लेख वाचला म्हणजे काम संपले, असे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी मानले नाही. १९१३ ते १९१५ या दोन हंगामांत त्यांनी स्तंभाच्या परिसरात व नगराच्या जागेत उत्खनन केले. यज्ञकुंडे आणि मातीच्या मुद्रा त्यांना मिळाल्या. स्तंभाच्या पायाशी पाचरी म्हणून बसविलेले लोखंडाचे तुकडेही त्यांनी जपून ठेवले आणि त्यांपैकी एक तपासणीत पोलाद ठरला. शिलालेखांच्या अभ्यासात वाढलेल्या या पंडिताने लोखंडाच्या तुकड्यालाही लेखाइतकाच मान दिला. याच सुमारास, १९१३ मध्ये, ग्वाल्हेर संस्थानाने आपले पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि मो. ब. गर्दे यांनी ते दीर्घकाळ सांभाळले.

भांडारकरांनी जेथे काम थांबविले, तेथून ते पुढेही गेले. १९६३ ते १९६५ मधील उत्खननात स्तंभाजवळ त्याहूनही जुन्या लंबवर्तुळाकार मंदिराचा पाया आढळला आणि हेलिओदोराचा स्तंभ एका ओळीतील अनेक स्तंभांपैकी एक असल्याचे दिसून आले. पन्नास वर्षांपूर्वी कोणी अधीरपणे सारे टेकाड उपसले असते, तर हा पाया विटांच्या ढिगाऱ्यात नाहीसा झाला असता.

उत्खनन हा असा ग्रंथ आहे की, त्याचे पान वाचताना ते फाडावेच लागते. ते दुसऱ्यांदा वाचता येत नाही. म्हणून वाचणाऱ्याने पानावरची प्रत्येक खूण नोंदवून ठेवावी, आणि काही पाने पुढील पिढीसाठी न उघडताच ठेवावीत. शाळा-महाविद्यालयांत आपण सांचीचा स्तूप कोणी बांधला हे शिकवितो. तो विटांचा होता हे कशावरून कळले, हेही शिकविले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी पाठ करतो. दुसऱ्याचे उत्तर शोधताना तो इतिहास शिकतो.