मेंडेलीव्हची आवर्तसारणी
मेंडेलीव्हची आवर्तसारणी ही रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली प्रसिद्ध केलेली मूलद्रव्यांची मांडणी होय. त्या वेळी ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये त्यांनी अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली; मात्र जेथे गुणधर्म जुळेनात तेथे जागा रिकाम्या ठेवल्या. या रिकाम्या जागाच सारणीचे खरे बळ ठरल्या. १८७१ मध्ये त्यांनी अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्तवले व संस्कृतातील 'एक' हा संख्यावाचक शब्द जोडून त्यांना एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम व एका-सिलिकॉन अशी नावे दिली.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी गॅलियम शोधले व त्याची घनता ४.७ मोजली. ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, असे मेंडेलीव्ह यांनी तो धातू न पाहताच प्रतिपादले. शुद्ध नमुन्यावर पुन्हा मोजता ती ५.९ भरली! पुढे स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) हीही सापडली.

टेल्युरियमबाबत मात्र मेंडेलीव्ह यांचा तर्क चुकला. त्यांनी ते आयोडीनच्या आधी ठेवले, हे योग्यच; पण त्याचा अधिक असलेला अणुभार चुकीचा मोजला गेला असावा, असे त्यांनी मानले. अणुभार बरोबर होता. मूलद्रव्यांचा क्रम अणुअंकाने ठरतो, हे १९१३ मध्ये हेन्री मोझली यांच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले.