मी अवयवदाता का झालो? प्रेत, जात आणि संमतीचा इतिहास

प्रेताला हात कोणी लावायचा, हे या देशात फार आधी ठरवून टाकले गेले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची राहणी नेमून दिली आहे. गावाबाहेर वस्ती, फुटकी भांडी, अंगावर मेलेल्यांची वस्त्रे, आणि ज्याला कोणी नातलग नाही अशा प्रेताला वाहून नेण्याचे काम. पाचव्या अध्यायात तर चांडाळ, विटाळशी, बाळंतीण आणि प्रेत यांना एकाच श्लोकात बसवले आहे. यांपैकी कोणाचाही स्पर्श झाला की आंघोळ करायची. जिवंत माणसाची किंमत मढ्याएवढी! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हे लिहिलेले आहे.

मी अवयवदानाचा अर्ज भरला तेव्हापासून चळवळीतले मित्र दोन प्रश्न विचारतात. आपल्या लोकांचे या व्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या घेतलेच आहे, आता डोळे आणि किडन्याही द्यायच्या का? आणि दिल्या तर त्या जाणार कोणाला? प्रश्न रास्त आहेत. 'दान केल्याने पुण्य लागते' असल्या गुळमुळीत उत्तराने ते सुटत नाहीत. म्हणून थोडे इतिहासात जाऊ.

आपल्याकडे शस्त्रक्रियेचे ज्ञान होते, हे अभिमानाने सांगितले जाते. होतेच. सुश्रुतसंहितेत शरीर आतून पाहण्याची रीत दिली आहे: प्रेत गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालायचे, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचे, मग कुंच्याने हळूहळू कातडी खरवडत आतले थर पाहायचे. मग हे ज्ञान थांबले का? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या १९०९ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात याचे उत्तर दिले आहे. सुश्रुताला शवविच्छेदन अत्यावश्यक वाटत होते, मनूला मात्र प्रेताचा स्पर्शही चालत नव्हता. हाताने करायची कामे खालच्या जातींकडे ढकलली गेली आणि विचार करणाऱ्यांचा हाताशी संबंध तुटला. ज्या समाजात वैद्याचे अन्न पुवासारखे मानायला सांगितले जाते आणि श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवले जाते, तिथे शरीरशास्त्र वाढणार कसे? प्लास्टिक सर्जरीचा शोध आम्हीच लावला असे सांगणारे या प्रश्नाशी आले की गप्प होतात.

१८३५ साली कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघाले आणि पुढच्याच वर्षी पंडित मधुसूदन गुप्त यांनी तिथे मानवी शवाचे विच्छेदन केले. ते संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवत असत. त्यांचे धाडस मोठे होते, त्यात शंका नाही, आणि इतिहासाने त्यांचे नाव जपलेही. पण ते शव उचलून टेबलावर कोणी ठेवले, नंतर टेबल कोणी धुतले, त्यांची नावे कुठे आहेत? बंगालमधल्या सरकारी रुग्णालयांत शवागारातल्या कामगाराच्या पदाला आजच्या काळातही 'डोम' म्हटले जाते. जातीचे नावच हुद्दा झाले. सुरी पंडिताच्या हातात आली तरी मढे उचलणारा हात बदलला नाही.

आपल्याकडे वेगळे काय होते? माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत गावकी होती. मेलेले ढोर ओढायचे, सरणाची लाकडे फोडायची, गावात कोणी मेले की ऊन-पाऊस न बघता परगावी सोयऱ्यांना वर्दी द्यायला पळायचे. मोबदला काय? मढ्यावरचे कापड. याला 'हक्क' म्हणत! मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत मांस आणि ही लाचारीची कामे सोडण्याचे आवाहन बाबासाहेबांनी केले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन कायद्याने जायला मात्र १९५८ उजाडावे लागले. म्हणून 'मेलेल्याशी संबंधित काम' म्हटले की आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. तो अंधश्रद्धेचा काटा आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्या शहरी पुरोगाम्यांनी आधी हा इतिहास वाचावा.

आता मनूच्या त्या 'नातलग नसलेल्या' प्रेताकडे परत या. इंग्लंडमध्ये १८३२ साली अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट झाला. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शवे मिळावीत म्हणून गरिबांच्या वर्कहाउसमध्ये मरणारे, ज्यांचे प्रेत न्यायला कोणी येत नाही असे लोक त्यासाठी निवडले गेले. मुंबई प्रांतात १९४९ साली शरीरशास्त्राचा कायदा आला, त्याचाही मूळ आधार बेवारस प्रेत हाच. डॉक्टर घडवायला शवे लागतात, हे मान्य. पण बेवारस कोण मरते? फुटपाथवर, धर्मशाळेत, दुष्काळात गाव सोडून शहरात आलेला माणूस. पैसेवाला कधी बेवारस मरत नाही. आधुनिक वैद्यकशास्त्र गरिबांच्या शरीरावर उभे राहिले, आणि त्या शरीराच्या मालकाला कोणी विचारले नव्हते.

अवयवरोपण आले तेव्हा हीच गोष्ट अधिक धारदार झाली. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले. दुसरे त्यांनी २ जानेवारी १९६८ ला केले. त्यात हृदय होते क्लाइव्ह हॉप्ट या 'कलर्ड' तरुणाचे आणि ते बसवले गेले गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत. वर्णद्वेषी राजवटीत ज्या हॉटेलांत, ज्या किनाऱ्यांवर हॉप्टला पाय ठेवता येत नव्हता, तिथे आता त्याचे हृदय जाऊ शकत होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी तेव्हाच हे बोट ठेवून दाखवले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला ब्रूस टकर नावाचा कृष्णवर्णीय कामगार पडून डोक्याला मार लागल्याने रुग्णालयात आला. त्याच्या खिशात भावाच्या दुकानाचे कार्ड होते. दुकान रुग्णालयापासून फार लांबही नव्हते. तरी एका दिवसात त्याला 'वारस सापडत नाही' या सदरात टाकले गेले, आणि त्याचे हृदय काढून एका गोऱ्या व्यावसायिकाला बसवण्यात आले. घरच्यांना हे कळले ते अंत्यसंस्काराची तयारी करणाऱ्याकडून. भाऊ कोर्टात गेला. त्याचे वकील डग्लस वाइल्डर पुढे व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, पण १९७२ साली ज्यूरीने निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला. मनूचा श्लोक आणि रिचमंडचे ते रुग्णालय यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे. बेवारस ठरवण्याची पद्धत मात्र ओळखीची वाटते.

आणि आपल्याकडे? चेन्नईतल्या विल्लिवाक्कम वस्तीला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले, इतक्या जणांनी तिथे मूत्रपिंडे विकली. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. सरासरी मिळाले १०७० डॉलर. विकल्यानंतर कुटुंबाचे उत्पन्न वाढण्याऐवजी सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि पाहणीच्या वेळी चारातले तीन जण अजून कर्जातच होते. विकणाऱ्यांत बहुसंख्य बायका. हा धंदा रोखण्यासाठी १९९४ साली मानवी अवयवरोपण कायदा झाला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो सुरुवातीला लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा होते.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग तर देऊच नये. मी उलट निष्कर्षाला आलो.

मघापासून जी उदाहरणे दिली, त्यांत शरीर घेतले गेले आहे. कधी धर्माज्ञेने, कधी कायद्याने, कधी सावकाराच्या तगाद्याने. देण्याचा अधिकार त्या माणसाकडे नव्हताच. मी शुद्धीत असताना, कोणाचे देणे नसताना, कागदावर लिहून देतो की माझ्या मरणानंतर हे घ्या, तेव्हा मी माझ्या शरीराचा मालक आहे असे जाहीर करतो. आजोबांना मढ्यावरचे कापड घ्यावे लागले. मला माझ्या देहाचे काय व्हावे हे ठरवता येते, आणि हा अधिकार मी वापरणार.

दुसरे कारण धम्माचे आहे. 'दान' हा शब्दच आपल्याला खटकतो आणि खटकायला हवा. गोदान, भूदान, पिंडदान, सगळ्यांत घेणारा ठरलेला आणि देणाऱ्याला परलोकातल्या परताव्याचे आमिष. सारनाथच्या पहिल्या प्रवचनातल्या दहा पारमिता सांगताना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दानाचा जो अर्थ दिला आहे, तो मूळातून वाचा. आपली मालमत्ता, रक्त, अवयव, वेळ पडली तर प्राणही दुसऱ्याच्या भल्यासाठी आणि परतफेडीची कसलीही अपेक्षा न धरता देणे, असा त्याचा आशय आहे. रक्त आणि अवयव हे शब्द बाबासाहेबांनी स्वतः घातले आहेत. दहा पारमितांचे पालन करीन, ही बावीस प्रतिज्ञांमधली बारावी प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. १४ एप्रिलला रक्तदान शिबिरे भरवून आपण तिचा अर्धा भाग पाळतोच.

अवयव काढले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मेन ही भीती आत्मा मानणाऱ्याची. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. पृथ्वी, आप, तेज, वायू हे घटक विखुरतात आणि निसर्गातल्या आपापल्या साठ्यात मिसळतात, एवढेच. मग एखादा भाग मिसळण्याआधी कोणाच्या उपयोगी पडला तर बिघडले काय? सहाव्या प्रतिज्ञेने श्राद्ध आणि पिंडदान आपण सोडले. (सोडले असे म्हणायचे. कित्येक घरांत दहावे-तेरावे नाव बदलून परत आले आहे आणि भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, तेवढाच फरक.)

देहदानाच्या प्रचारात हमखास दधीची ऋषी आणले जातात, कित्येक संस्थांच्या नावातच ते आहेत. त्यांनी हाडे कशासाठी दिली? इंद्राला वज्र करायला, वृत्रासुराला मारायला. शस्त्रासाठी दिलेली ही हाडे. असुर म्हणजे कोण, हे 'गुलामगिरी' वाचलेल्यांना सांगायला नको. त्यापेक्षा सिवी जातक बरे. तिथला राजा आंधळ्या म्हाताऱ्याला दिसावे म्हणून डोळे देतो. ती जातककथा आहे, इतिहास नव्हे, चमत्कार आपण बाजूला ठेवू. पण याच कथेचा संस्कार असलेल्या श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था काढली आणि तो छोटा देश अनेक देशांना बुबुळे पुरवू लागला. कथेचा असा उपयोग मला पटतो.

राहिला प्रश्न, अवयव जाणार कोणाला. इथे मी गोड बोलणार नाही. रोपणे मोठ्या प्रमाणात खासगी रुग्णालयांत होतात, आणि त्यानंतर जन्मभर औषधे घ्यावी लागतात. १९९५ ते २०२१ या काळात देशात जिवंत दात्यांकडून जी रोपणे झाली, त्यांतली पाचातली चार पुरुषांना मिळाली. देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. म्हणजे घरातली बाई किडनी देते आणि तिच्यावर वेळ आली की यादीत तिचे नावही लागत नाही. मेंदूमृत दात्यांचे प्रमाण देशात दहा लाख लोकांमागे एकही नाही. मेलेल्यांचे मिळत नाही म्हणून जिवंतांचे काढावे लागते, आणि जिवंतांमध्ये सर्वांत स्वस्त असतो तो गरीब, त्यातही गरीब बाई. मृत्यूनंतरचे दान वाढले तर दलालांचा बाजार बसेल. माझ्यापुरते सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मृत्यूनंतरचे अवयव विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार वाटले जातात, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशा समित्या आहेत. रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, प्रकृतीची निकड यांवर क्रम लागतो. कागदावर तिथे जात नाही. पण यादीत नाव घालण्यापर्यंत पोचायलाच पैसा लागतो, आणि तिथे जात मागच्या दाराने येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपण आहे, हे आपल्या किती वस्त्यांना ठाऊक आहे? सरकारी मेडिकल कॉलेजांत रोपणकेंद्रे वाढवा आणि नंतरची औषधे मोफत द्या, ही मागणी दात्याने केली तर तिला वजन येते. न देता केलेली टीका सोपी असते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हृदय, यकृत, मूत्रपिंडे ही फक्त रुग्णालयात मेंदूमृत्यू झाला तरच देता येतात. तो चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवायचा असतो आणि त्यांत रोपण करणारे डॉक्टर चालत नाहीत. म्हणून 'अवयवांसाठी जिवंत माणूस मारतील' या भीतीला कायद्यात उत्तर आहे. घरी मृत्यू आला तर नेत्रदान होते. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. अर्जाचा कागद म्हणजे नमुना ७, त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातलग. प्रत्यक्षात शेवटी घरच्यांनाच विचारले जाते, म्हणून सही करण्यापेक्षा घरी बोलणे अवघड आणि जास्त गरजेचे.

येत्या १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आम्ही शेजारी आणखी एक टेबल मांडणार आहोत. त्यावर नमुना ७ चे कागद असतील, आणि त्यांच्याबरोबर आपल्या जिल्ह्यात फुले योजनेखाली कोणकोणत्या रुग्णालयांत डायलिसिस होते त्याची यादी.