दुभाष्याची गोष्ट

थेरगावात आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक जुने यंत्र आहे. लोखंड ठणठणीत, पण आतली चिप १९८० साली आलेल्या ८०५१ जातीची. तिची बोली जाणणारे कामगार निवृत्त झाले, म्हणून मालक ते भंगारात काढणार होते.

माणसाचा प्रोग्रॅम चिपच्या बोलीत उतरवणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी खुला केला. त्यात चिपच्या आज्ञांचे वर्णन वेगळे लिहिले, की दुभाष्या आणखी एक बोली शिकतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी हे वर्णन टप्प्याटप्प्याने लिहायला शिकवले. ८०५१ साठी एसडीसीसी हा खुला कंपायलर आहे. शेडमधल्या पोराने त्यावरच प्रोग्रॅम नव्याने लिहिला. यंत्र वाचले.

घरी दखनी, दारी मराठी बोलणाऱ्या मला एवढे कळते: दुभाष्या असला, की जुने मुके होत नाही.