अंगणात आलेली शाळा

भगिनींनो, 'अंगणवाडी' हा शब्द आज आपल्या जळकोटात सर्वांच्या तोंडी आहे. तो कोठून आला, हे थोडक्यात सांगते.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने. शिकाऊ शिक्षिकाही याच कामातून तयार झाल्या. शाळा दारी आली, म्हणून आयांनाही ती पाहता आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ साली सरकारी बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

माझ्या दारी अशीच एक शिकाऊ बाई आली होती. "मी सातवी शिकलेली, मी काय शिकवणार?" म्हणून मी तिला टाळू लागले. मी तूरडाळ निवडत होते. तिने निवडलेले खडे माझ्या लेकीच्या हाती देऊन मला म्हटले, "काकू, हे तिच्याकडून मोजून घ्या." लेक दहापर्यंत मोजायला त्याच सुपाजवळ शिकली.

तेव्हा भगिनींनो, शिक्षण कमी म्हणून मागे सरू नये. लेकरांची पहिली शाळा आपल्याच अंगणात आहे.